नारिंगी दिवा आणि पुढे सरकणारी सीट

१ मार्च, शनिवार

माणूस अपमान गिळू शकतो, पण तो कशाबद्दल आहे एवढं तरी त्याला सांगितलं पाहिजे. माझ्या गाडीने आज तेवढीही रीत पाळली नाही. सकाळी धुऊन आणावी म्हणून किल्ली फिरवली, तर काट्यांच्या मधोमध एक नारिंगी दिवा लागला तो लागलाच. त्यावरची आकृती अशी, की पाणबुडी म्हणावी तर नळासारखी आणि नळ म्हणावा तर पाणबुडीसारखी. माहितीपुस्तिका उघडली. तिच्यात रेडिओवर अख्खं प्रकरण आहे आणि या दिव्यावर एक ओळ: 'इंजिनाची तपासणी करून घ्यावी.' म्हणजे काय बिघडलंय ते गाडीला ठाऊक आहे, पण ती मला सांगणार नाही. तिच्या लायकीच्या माणसालाच सांगणार. मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. उद्या मी एखाद्याला नुसतंच 'तुमच्यात काहीतरी गडबड आहे, कोणाला तरी दाखवा' असं कळवलं, तर तो माझ्यावर खटला भरेल. गाडीवर कोण भरणार?

ही म्हणाली, मग लेकीकडे कसं जायचं?

प्रश्न रास्त आहे. लेक घाटापलीकडच्या गावात असते. तिला नववा लागलाय. जावई मालवाहू जहाजावर. तो किनाऱ्याला लागेपर्यंत मूल रांगत दारात आलेलं असेल. घरात ती एकटी. आई बाळंतपणाला जवळ असावी असा तिचा हट्ट आहे आणि आईचा तर त्याहून मोठा. पण हिला बस लागते. घाटाच्या पहिल्याच वळणाला पिशवी हातात घ्यावी लागते आणि पलीकडे उतरेपर्यंत ती खाली ठेवता येत नाही. तेव्हा जायचं तर गाडीने, आणि गाडीने म्हणजे मी.

मी सांगून टाकलं की दिवा लागलेल्या गाडीने घाट चढणं हा बेजबाबदारपणा आहे. दिवा गेला की दुसऱ्या दिवशी निघू. घाटाची मला भीती वगैरे नाही. त्या घाटातल्या गाड्यांचे फोटो माझ्या टेबलावर येतात, एवढंच.

ही मात्र हा दिवा नेमका कशाने लागतो, गाडीला काही कायमचं तर झालं नाही ना, असं फिरून फिरून विचारत राहिली. माझ्या रक्तदाबाबद्दल तिने इतकी आस्था कधी दाखवल्याचं आठवत नाही.

३ मार्च, सोमवार

साडूंना फोन केला. आमचे साडू सर्वज्ञ आहेत. त्यांना एखादी गोष्ट माहीत नाही असं आजवर झालेलं नाही. ती गोष्ट चुकीची आहे असं मात्र पुष्कळदा झालंय. ते म्हणाले, गॅरेजवाल्यांच्या नादी लागू नकोस, हल्ली एक छोटं स्कॅनर मिळतं. स्टिअरिंगखालच्या खोबणीत खोचायचं, मोबाइलशी जोडायचं, की गाडी स्वतःच कबुलीजबाब देते. मागवलं. कबुलीजबाब घेणं हा तर माझा धंदाच आहे.

६ मार्च, गुरुवार

स्कॅनर आलं. ऑफिसातून आल्यावर कपडे न बदलता खाली गेलो. खोबण सापडेपर्यंत कमरेने तीनदा राजीनामा दिला. अखेर मोबाइलवर अक्षरं उमटली: पी शून्य चार पाच पाच. अर्थ असा, की टाकीतल्या पेट्रोलची वाफ जिच्यात धरून ठेवतात ती बंदिस्त यंत्रणा कुठेतरी मोठ्ठी गळतेय.

त्याखाली उपाय दिले होते. पहिलाच उपाय वाचून मोबाइल फेकावासा वाटला. 'पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट लावलं आहे का, ते पाहा.' हे मला सांगताय? आमच्या कोपऱ्यावरच्या पंपावर आपलं पेट्रोल आपणच भरायचं असतं. मीच भरतो, मीच झाकण लावतो, आणि टकटक वाजेपर्यंत लावतो. या झाकणाला माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. हा सल्ला वेंधळ्या लोकांसाठी असणार. पुढच्या उपायांकडे वळलो: झडप, नळ्या, वाफेचा डबा.

वर येऊन हिला सगळं समजावून सांगितलं. गळती म्हटल्यावर तिने विचारलं, म्हणजे गाडी पेटणार का? मी म्हटलं, पेटणार नाही, पण घाटात काही सांगता येत नाही. तिने हातातली वाटी खाली ठेवली.

८ मार्च, शनिवार

प्रकरण वाटतं त्यापेक्षा खोल आहे. आज गाडीत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पुढे सरकलेली. गेल्या शनिवारी मी माझ्या मापाने ठेवली होती. आतला आरसाही खाली झुकला होता. त्यात मला मागचा रस्ता न दिसता स्वतःची हनुवटी दिसत होती. आठवडाभर गाडी जागची हललेली नाही, कारण मी कंपनीच्या बसने जातो. उभ्या गाडीची सीट पुढे कशी सरकते?

साडूंना विचारलं. ते जराही अडखळले नाहीत. म्हणाले, आजच्या गाडीत सगळं एकमेकांशी जोडलेलं असतं. वाफेचा दाब बिघडला की सेन्सर बिघडतो, सेन्सर बिघडला की काहीही होऊ शकतं. 'काहीही'त सीट येते, हे मला पटलं.

एक गोष्ट मात्र सुखद. साडूंच्याच एका जुन्या सल्ल्यावरून गेल्या रविवारी टाकीत एक निळं औषध ओतलं होतं. नळ्या साफ करतं म्हणे. ते मुरावं म्हणून तेव्हा उभ्या गाडीचं इंजिन तासभर चालू ठेवलं होतं, तरी पेट्रोलचा काटा खाली यायचं नाव घेत नाही. उलट आज तो किंचित वरच दिसला. इतकी बचत मी ऐकलेलीसुद्धा नाही. हिला सांगितलं. ती म्हणाली, औषध चांगलं दिसतंय.

९ मार्च, रविवार

सकाळी साडू आले. बॉनेट उघडून आम्ही दोघे बराच वेळ आत पाहत उभे होतो, जसं लोक दुसऱ्याच्या घरातल्या भांडणाकडे पाहतात. त्यांनी एक नळी दाबली, मी दुसरी. काही झालं नाही, पण हात काळे झाल्याने काम झाल्यासारखं वाटलं.

ही समोरच्या बाईंबरोबर फिरायला निघाली होती. या बाई निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवायच्या. अजूनही बोलतात ते मागच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात. महिनाभर दोघी रोज चालायला जातात. इतकं चालून हिच्या बुटांचे तळवे नव्यासारखे कसे, हे मला कळत नाही. कदाचित बूट चांगल्या कंपनीचे असावेत. जाता जाता बाई बॉनेटपाशी थांबल्या आणि विचारलं, 'झाकण पाहिलंत का हो टाकीचं?' मी आणि साडू एकमेकांकडे पाहून हसलो. बस चालवणं वेगळं आणि यंत्र कळणं वेगळं, हे साडूंनी त्या गेल्यावर सविस्तर सांगितलं.

मग विषय निघाला म्हणून साडूंनी विचारलं, तू वहिनीला गाडी का नाही शिकवलीस? शिकवली होती की. लग्नानंतर लगेच. दोन चौक झाले आणि ती तिसऱ्या चौकात गाडी तशीच सोडून उतरली आणि चालत घरी गेली. मी चिडलो नव्हतो. माझ्या सूचना स्पष्ट असतात, एवढंच.

१२ मार्च, बुधवार

कॉफीच्या बरणीने दगा दिला. वरून धरून उचलली, झाकण हातात आलं आणि बरणी ओट्यावर. आमच्या घरात आता कोणत्याच बरणीचं झाकण लागलेलं नसतं, नुसतं वर ठेवलेलं असतं. हिला बोललो. ती म्हणाली, तुम्हीच तर गेल्या वर्षी मनगट दुखतं म्हणून प्रत्येक झाकणावरून घर डोक्यावर घेत होतात, की आवळून लावत जाऊ नकोस. तेव्हापासून हातालाच सवय लागली, झाकण टेकलं की हात थांबतो.

मी म्हटलं, आवळू नको म्हणजे लावूच नको असं नाही. तिने कॉफी गोळा केली.

लेकीचा फोन होता. पायांवर सूज आहे. डॉक्टर म्हणतात, तारखेच्या आधीही होऊ शकतं. 'बाबा, दिवा गेला का?' असं तिने विचारलं. मी म्हटलं, शनिवारी सर्व्हिस सेंटरला देतोय. तिने बरं म्हटलं आणि आईला द्या म्हणाली. आई फोन घेऊन गॅलरीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

१५ मार्च, शनिवार

सर्व्हिस सेंटर म्हणजे एक थंडगार खोली, जिथे गाडी दिसत नाही आणि बिल दिसतं. सल्लागार म्हणून एक इस्त्रीचा तरुण होता. त्याला मी कोड सांगितला, सीट सांगितली, आरसा सांगितला. सीट आपोआप पुढे सरकते, हे त्याने गंभीर चेहऱ्याने टाइप केलं आणि म्हणाला, 'अशा केसेस येतात, सर.' ही शेजारी बसली होती. तिला जोरात ठसका लागला आणि ती पाणी प्यायला उठून गेली.

संध्याकाळी गाडी मिळाली. वाफेची झडप बदलली, सीटच्या रुळांना वंगण दिलं, कोड पुसला. पेट्रोलचं झाकण सैल होतं ते घट्ट लावलं, असंही कागदावर शेवटी लिहिलंय. सैल कसं असेल? बिल फुगवायला काहीतरी लिहावं लागतं. मी रोज असलीच बिलं तपासतो, मला कोण शिकवणार?

२२ मार्च, शनिवार

दिवा लागला नाही.

किल्ली फिरवली, थोडा वेळ थांबलो, पुन्हा फिरवली. नाही. आनंद व्हायला हवा होता. ही वरून गॅलरीतून पाहत होती. मी वर गेलो तेव्हा तिची बॅग पलंगावर उघडी होती आणि त्यात लहान मुलाची दुपटी घडी करून ठेवलेली होती.

मी म्हटलं, दिवा गेला हे खरं, पण टायर पाहिले पाहिजेत. पुढचा डावा मला जरा झिजल्यासारखा वाटतो. घाटात टायर म्हणजे सर्वस्व. तिने बॅग तशीच उघडी राहू दिली.

टायर तसा ठीक आहे, हे इथे लिहायला हरकत नाही. पण खात्री करून घेतलेली बरी. सीट मात्र पुन्हा पुढे होती. वंगणाने ती आता जास्तच सहज सरकत असावी.

२३ मार्च, रविवार

टायरवाल्याकडे निघालो, दिवा हजर. जुना मित्र रस्त्यात भेटावा तसं वाटलं. तसाच परतलो आणि हिला सांगितलं, पाहिलंस, काल निघालो असतो तर? तिने माझ्याकडे पाहिलं. मग बॅगेची चेन लावली आणि बॅग दारामागे नेऊन ठेवली. कपाटात ठेवायला हवी होती. हल्ली तिचं लक्ष नसतं.

२६ मार्च, बुधवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी मोबाइल घरीच चार्जरला विसरलो. दिवसभर कोणी त्रास दिला नाही, दावे झपाझप निकालात काढले. संध्याकाळी बसमधून उतरून फाटकातून आत शिरलो, तर गाडीची जागा रिकामी. तेलाचे डाग आणि मधोमध एक मांजर. चोरी. मी वर न जाता तसाच पोलीस ठाण्यात गेलो, कारण पहिल्या तासात तक्रार दिली तर गाडी सापडते, हे मी लोकांना नेहमी ऐकवतो.

हवालदार शांत होता. गाडीची ओळख पटवणारी खूण विचारली. मी सांगितलं, नारिंगी दिवा लागलेला असतो आणि सीट आपोआप पुढे सरकते. त्याने पेन थांबवून वर पाहिलं. मग विचारलं, दुसरी किल्ली कोणाकडे असते? बायकोकडे. मग तिनेच नेली नसेल कशावरून? मला हसू आलं. म्हटलं, 'लिहून घ्या. पत्नीस वाहन चालवता येत नाही.' त्याने लिहिलं. मी खाली सही केली. घरी फोन लावून पाहा म्हणाला, तर हिचा नंबर मला आठवेना. मोबाइलमध्ये 'घर' असं लिहिलेलं असतं, पाठ कोण करतं?

घरी आलो. दार बंद. किल्लीने उघडून डोकावलो, तर ही नाही, दारामागची बॅगही नाही. समोरच्या बाई दारात उभ्या होत्या, जणू माझी वाटच पाहत होत्या. त्यांनी माझ्याच घराकडे बोट दाखवलं, म्हणजे आत जा. मोबाइलवर हिचे न घेतलेले फोन एकाखाली एक होते. शेवटी एक निरोप: 'तिला कळा सुरू झाल्यात. निघते आहे.'

निघते आहे म्हणजे कशाने? मी फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा नाही. त्या वेळात मला टेबलावरचे सगळे फोटो आठवले, एकूण एक वळण. खुर्चीवर बसलो होतो की उभा होतो ते सांगता येणार नाही. मग तिने उचलला.

'पोचले मी. गाडी माझ्याकडे आहे.'

मी विचारलं, चालवली कोणी?

'मीच. सुखरूप आहोत सगळे. तिला आत घेतायत, सही करायला बोलावलंय. ठेवते.'

बाई अजून दारात होत्या. मी म्हटलं, तिने एकटीने घाट चढला. त्या म्हणाल्या, 'चढला नव्हे, उतरलासुद्धा. उतरणं अवघड असतं. चहा टाकू का तुमच्यासाठी?'

२७ मार्च, गुरुवार

पहिल्या बसने गेलो. घाटात डोळे मिटून बसलो होतो.

मुलगी झाली. पहाटे. लेक थकलेली, पण शुद्धीत आणि खूश. ऐनवेळी दाब वाढला आणि ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई वेळेवर आल्या. लेकीला दवाखान्यात घेऊन यायलाही त्याच होत्या.

नात माझ्याकडे एका डोळ्याने पाहते. दुसरा बहुतेक पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवलाय.

व्हरांड्यात हिच्याशेजारी बसलो. काय विचारावं कळेना म्हणून सीटबद्दल विचारलं. ती म्हणाली, मागे सरकवून ठेवायची विसरत होते. माझे पाय पोचत नाहीत ना. आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकली, लायसन्स काढलं, मग समोरच्या बाईंना शेजारी बसवून रोज सकाळी आमच्याच गाडीवर हात बसवला. पेट्रोल वापरलं तेवढं भरून ठेवत होती. काटा वर दिसला ते औषध तिचं होतं. घाट त्या दोघी आधीही करून आल्या होत्या, मी ऑफिसात असताना. गाडी स्वतः चालवली की तिला लागत नाही म्हणे. मळमळत नाही, काही नाही.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस?

'सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असतात.'

मला तो तिसरा चौक आठवला.

मग तिनेच विचारलं, ते पेट्रोलचं झाकण किती फिरवायचं असतं? मी म्हटलं, टकटक वाजेपर्यंत. ती म्हणाली, मी आपलं टेकलं की सोडत होते. बाईंनी तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला होता. मला वाटलं तुम्ही पाहाल आणि घट्ट लावाल, आणि विषय सुटेल. इतकं लांबेल असं वाटलं नव्हतं.

खाली जाऊन झाकण फिरवलं. वाजलं. चारचौघांत वाजावं तेवढ्याच आवाजात. बदललेली झडप, वंगण, निळं औषध, स्कॅनर आणि साडू, एवढं सगळं या एका आवाजापुढे उभं होतं. स्कॅनर खिशात होतं, कोड तिथल्या तिथे पुसता आला असता. नाही पुसला. थोडी चालवली की दिवा आपोआप जाईल, आणि चालवायची आता तिला आहे.

३० मार्च, रविवार

परत आलो. मी गाडी घेऊन जातो म्हणालो होतो. ही म्हणाली, इथे औषधं, डॉक्टर, दहा कामं, गाडी मला लागेल. तुम्ही बसने जा, तुम्हाला कुठे लागते. बरोबर आहे.

दुपारी तिचा फोन. बाळ झोपलंय, लेक जेवली, आणि बाजारातून येताना दिवा गेला. 'तुमची आठवण आली,' म्हणाली. कोणत्या अर्थाने ते विचारलं नाही.

साडूंचाही फोन. म्हणाले, मी सांगत होतो, ते निळं औषध सावकाश काम करतं. मी हो म्हटलं. सगळ्यांना सगळं सांगायलाच हवं असं नाही.

३१ मार्च, सोमवार

ऑफिसात उशिरा जाईन असं कळवून पोलीस ठाण्यात गेलो. तोच हवालदार. गाडी सापडली म्हणून सांगितलं. कुठे? लेकीच्या गावी, दवाखान्याच्या आवारात. कोणी नेली होती? बायकोने. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण हसला नाही. त्याला बायको असावी. तक्रार मागे घेतल्याची ओळ लिहिली आणि म्हणाला, इथे सही करा, विषय संपला.

मी सही केली. मग म्हटलं, जुना कागद जरा द्या, त्यात एक दुरुस्ती आहे. तो म्हणाला, आता कशाला? हा कागद कोणी उघडणारसुद्धा नाही, बांधून माळ्यावर जाईल. मी म्हटलं, तरी द्या. खाली माझी सही आहे.

त्याने कागद सरकवला. सगळं जसंच्या तसं होतं: दिवा, सीट, आणि त्याखाली ते वाक्य. 'येत नाही' हे शब्द एका रेघेने खोडले, वर 'येते' लिहिलं. आमच्या कामात खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, तशी केली.

हवालदाराने कागद आपल्याकडे फिरवून वाचला.

'लेकीचं गाव म्हणजे घाटापलीकडचं ना? घाटातही येते?'

मी पेन परत मागितलं आणि तेही लिहिलं.